पेटीवरचा नंबर

काळ्या पत्र्याची पेटी. झाकणावर पांढऱ्या रंगाने आधी एक लांबलचक नंबर, मग हुद्दा, मग नाव, त्याखाली पलटण. कडी तुटलेली, तिच्या जागी तार पिळलेली. आमच्या पारशिवनीच्या बाजूला मिलटरीतून पेन्शनीवर आलेल्या माणसाच्या घरी अशी पेटी हमखास असते. माणूस असतो तोवर ती त्याच्या खाटेखाली राहते. तो गेला की माळ्यावर जाते, तिच्यात गोधड्या नाहीतर बियाणे भरले जाते, आणि एखाद्या वर्षी घराची डागडुजी निघाली की भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. गेल्या काही वर्षांत अशा पेट्या मी उघडून पाहिल्या. त्यांत जे सापडले आणि जे सापडायला हवे होते पण सापडले नाही, त्या दोन्हींतून हे पुस्तक उभे राहिले आहे.

एका घरी आजीने पदके दाखवली ती साखरेच्या रिकाम्या डब्यातून. फिती विरून गेलेल्या, रंग ओळखू येत नव्हते. पण धातू लख्ख होता. मी भिंग लावून एका पदकाची कड फिरवत गेलो आणि बारीक ठशांची अक्षरे वाचू लागलो: नंबर, हुद्दा, नाव. भारतीय सैन्याच्या पदकांच्या कडेवर ते घेणाऱ्याचे नाव ठोकलेले असते. आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “इतके वर्स झाले, मी हे चिंचेनं घासून ठेवतो. पन कडेवर त्यायचं नाव हाय हे मले कोनी सांगतलंच नाही.”

तिच्या मालकांनी कोणती लढाई लढली हे तिला माहीत नव्हते. ‘बांगलादेशच्या टायमाले’ एवढेच ती सांगू शकली. पण डब्यातली दुसरी वस्तू बोलकी होती. तो पूर्वी स्टार होता, म्हणजे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर सेवा केल्याची खूण. पश्चिमेकडे असलेल्यांना पश्चिमी स्टार मिळाला. घरात दोन अंतर्देशीय पत्रेही निघाली. त्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता ‘केअर ऑफ ९९ एपीओ’. फौजी घरांतल्या वयस्क बायकांना हे आकडे देवाच्या नावासारखे पाठ असतात. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ ही सैन्याच्या टपालाची ठिकाणे. पत्र कुठून निघाले ते त्यावरून घरच्यांना कळू नये अशीच ती योजना. तरी ९९ म्हणजे पूर्वेकडचा टपालमार्ग, कलकत्त्याच्या तळावरून जाणारा, एवढे उलगडता येते. एक स्टार, एक पदक, दोन पत्रे. त्यांच्या आधारे एका माणसाचे १९७१ चे वर्ष आम्हांला अंधुकसे का होईना, दिसू लागले. त्या आजीलाही ते पहिल्यांदाच दिसत होते, आणि या कामाला लागायला मला एवढे कारण पुरले.

आज गावोगावच्या चौकांत शहिदांचे पुतळे आणि फलक दिसतात. ते बहुतेक कारगिलनंतरचे. १९९९ च्या त्या युद्धात धारातीर्थी पडलेल्या जवानांचे पार्थिव तिरंग्यात लपेटून थेट गावी आणले गेले, आणि तेव्हापासून तसा रिवाजच पडला. सारा तालुका रस्त्यावर येतो, मुले झाडांवर चढून बघतात, बंदुकींची सलामी होते. त्या दिवशी गावाला कळते की युद्ध आपल्या दाराशी येऊन गेले. त्याआधी असे नव्हते. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत जो जिथे पडला तिथेच त्याच्यावर बहुधा अंत्यसंस्कार झाले. घरी आली ती तार, नंतर सामानाची पेटी, नंतर पेन्शनचे कागद. मिरवणूक निघाली नाही, समाधी बांधली गेली नाही, चौकाला नाव मिळाले नाही. हा फरक त्यांच्या शौर्यातला नव्हता, व्यवस्थेतला होता. पण गावाच्या आठवणीवर त्याचा परिणाम फार खोल झाला. ज्यांचे पार्थिव गावात आले नाही ते गावाच्या स्मरणातही आले नाहीत. त्यांना गावात एकच जागा मिळाली, ती म्हणजे ही पेटी. म्हणून भंगारात जाणाऱ्या पेटीकडे मला नुसता पत्रा म्हणून बघता येत नाही.

कुणी विचारेल, पारशिवनीचा आणि लष्करी इतिहासाचा काय संबंध? आमची ओळख पेंच नदीची, तोतलाडोहच्या धरणाची, वाघांच्या जंगलाची. महाशिवरात्रीला लोक घोगरा महादेवाला जातात, चैत्रात कुवारा भिवसेनच्या जत्रेला. सातारा जिल्ह्यातले आपशिंगे आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द अभिमानाने लावते, तसे आमचे गाव फौजींचे गाव म्हणून कधी ओळखले गेले नाही. तरी तालुक्याचा नकाशा उघडून दक्षिणेच्या टोकाकडे बघा. तिथे कन्हान आहे. नदीवरचा पूल ओलांडला की कामठी. आणि कामठी म्हणजे १८२१ पासूनची छावणी. दोनशे वर्षांहून अधिक काळ नदीच्या पलीकडे पलटणींचे बिगूल वाजत आले आणि अलीकडे आमची शेते पिकत आली. छावणीला दूध, लाकूड, गवत, भाजी लागते, आणि माणसेही लागतात. जे गाव छावणीच्या इतक्या जवळ आहे त्याचा लष्कराशी संबंध नाही असे म्हणणे म्हणजे नदीच्या काठाला राहून पुराशी संबंध नाही असे म्हणण्यासारखे आहे.

ही छावणी पडली ती एका लढाईच्या पोटी. ती लढाई नागपूरच्या शाळकरी मुलांना पाठ असते, पण त्यांच्या पाठांतरात शिपाई नसतो, म्हणून ती इथे जरा वेगळ्या अंगाने सांगतो. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेला किताब भर दरबारात स्वीकारला. पुण्याला पेशवे आणि इंग्रज यांच्यात तेव्हा लढाई जुंपलेली होती, त्यामुळे इंग्रजांच्या रेसिडेंट जेन्किन्सला यातून जो अर्थ घ्यायचा तो त्याने घेतला. इंग्रजांची फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर चढली. २६ तारखेच्या संध्याकाळी गोळाबारी सुरू झाली ती रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. इंग्रजांच्या बाजूला चौदाशेच्या आसपास माणसे. भोसल्यांच्या बाजूला अठरा हजारांच्या घरात, त्यांत तीन-चार हजार अरब. सकाळी लहान टेकडीवर दारूगोळ्याची गाडी पेटली, त्या गोंधळात अरबांनी ती टेकडी हिसकावली. मग कॅप्टन फिट्झजेराल्ड बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन मैदानात उतरला आणि लढाईचे पारडे फिरले. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७. म्हणजे चौघांत एकाहून जास्त.

आता शिपायाची गोष्ट. त्या टेकडीवर मद्रासच्या सैन्याची २४ वी पलटण होती. तिच्यातले लोक मुळात पहिल्या नंबरच्या पलटणीचे. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडात ती पलटण सामील झाली म्हणून तिचा नंबर सरकारने पुसून टाकला आणि पुढे तिला २४ वा नंबर दिला. म्हणजे अकरा वर्षे हे लोक अंगावर एक कलंक वागवत नोकरी करत होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर त्यांनी सरकारकडे मागणी केली ती आपला जुना नंबर परत द्या, अशी. तो त्यांना मिळाला. २४ वी पुन्हा पहिली झाली.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. जमीन मागता आली असती, इनाम मागता आले असते. त्यांना नंबर हवा होता, कारण नंबर म्हणजे बापजाद्यांची पलटण, नंबर म्हणजे गावी तोंड दाखवण्याची सोय. आमच्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात घोटून लिहिलेला तो लांबलचक आकडा काय असतो, हे मला त्या दिवशी कळले.

पण मग प्रश्न येतो, आणि तो टाळणे मला बरोबर वाटत नाही. हे शिपाई तर आपल्या राजाच्या विरुद्ध लढले. त्यांचे शौर्य आपण आठवावे का? माझे उत्तर ‘हो’ असे आहे, आणि ते मी पूर्ण विचारांती देतो. सीताबर्डीवर दोन्ही बाजूंना मरणारे बव्हंशी पोटासाठी हत्यार धरलेले लोक होते. लढाई कुणासाठी, कशासाठी हे त्यांनी ठरवले नव्हते. त्यांनी एवढेच ठरवले की शेजारच्याला सोडून पळायचे नाही. तिकडे अरबांनीही पुढे डिसेंबरात सक्करदऱ्याजवळ भोसल्यांचा पराभव झाल्यावर नागपूरचा राजवाडा काही दिवस लढवत ठेवला. राज्याचा निकाल लागला होता, त्यांनी आपला निकाल लागू दिला नव्हता. युद्ध अन्यायाचे असू शकते, त्याचा हेतू नीच असू शकतो, आणि त्यातला शिपाई तरीही शूर असू शकतो. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की इतिहास खोटा होतो. आपण युद्धाचा हिशेब राजांकडून आणि सरकारांकडून मागावा. शिपायाची आठवण मात्र शिपाई म्हणूनच ठेवावी.

त्याच गोष्टीचे पुढचे पान तर आणखी गुंतागुंतीचे आहे. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना कैद करून जबलपूरच्या वाटेने प्रयागकडे नेत होते. मे महिन्यातल्या एका रात्री ते पहाऱ्यातून निसटले ते शिपायाचा वेश घालून, आणि त्यांना साथ दिली ती पहाऱ्यावरच्या काही शिपायांनीच. ज्या सैन्याने त्यांचे राज्य घेतले त्याच सैन्यातल्या माणसांनी आपला जीव पणाला लावून त्यांना सोडवले. आणि १८५७ मध्ये पुन्हा तेच कोडे. जूनमध्ये नागपूरच्या टाकळीतल्या घोडदळाने उठावाचा बेत केला, कामठीची मद्रासी पलटण त्यांना मिळाली नाही, आणि घोडदळातल्या म्होरक्यांना फाशी झाली. एकाच छावणीच्या परिसरातले, एकाच सरकारच्या पगारावरचे लोक. या माणसांची सरसकट वीर आणि फितूर अशी वाटणी करणे सोपे असते. या पुस्तकात ती केलेली नाही.

कामठीचे विसाव्या शतकातले एक पान आमच्या भागातल्या पुष्कळ घरांना जवळचे आहे. महारांची सैन्यातली भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. ज्यांच्या आजा-पणजांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत नोकरी केली त्यांच्या नातवांना ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे सांगण्यात आले. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली, आणि गरज सरताच काही वर्षांत मोडलीही गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण उभी राहिली ती कामठीला, १९४२ मध्ये. १९४६ मध्ये रेजिमेंटचे केंद्रही कामठीत आले आणि पुढे सागरला गेले. कन्हानच्या काठी कवायत करणाऱ्या त्या पोरांच्या पायांत बूट होते आणि खांद्यावर बंदूक होती. गावच्या विहिरीवर मात्र त्यांच्या आयांना अजून पाणी मिळत नव्हते. शौर्य म्हटले की आपल्याला गोळीसमोरचे शौर्य आठवते. या माणसांना सुट्टीवर गणवेशात गावी यायलाही शौर्य लागत असे, आणि त्याचे पदक कुणी दिले नाही.

आज कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे केंद्र आहे. जात, धर्म, प्रांत न बघता साऱ्या देशातून भरती करायची, या विचाराने ही रेजिमेंट १९४९ मध्ये उभी राहिली. ‘पहला हमेशा पहला’ हे तिचे बोधवाक्य आमच्याकडच्या पोरांनाही ठाऊक असते, कारण भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी पोरे ते घोकत असतात. याच रेजिमेंटच्या १४ व्या पलटणीत लान्स नायक अल्बर्ट एक्का होते. झारखंडातल्या गुमला भागातल्या जारी गावचे, उराँव आदिवासी. २७ डिसेंबर १९४२ चा जन्म.

३ डिसेंबर १९७१ च्या रात्री, आगरतळ्याच्या पश्चिमेला गंगासागर इथे त्यांची कंपनी शत्रूच्या पक्क्या मोर्च्यांवर चालून गेली. एक लाइट मशिनगन पुढच्या रांगेतल्या माणसांना टिपत होती. एक्का त्या बंकरवर एकटे धावले, संगिनीने दोघांना मारले आणि ती गन बंद पाडली. त्यात ते गंभीर जखमी झाले. तिथे ते थांबले असते तरी कुणी बोट दाखवले नसते. पण पुढे एका पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून मध्यम मशिनगन सुरू झाली. ते जखमी अंगाने सरपटत तिथपर्यंत गेले, आत हातबॉम्ब फेकला, एक शत्रू पडला पण गन चालूच राहिली. तेव्हा ते बाजूच्या भिंतीवर चढून आत शिरले आणि उरलेल्याला संगिनीने संपवले. गन थांबली. थोड्या वेळाने त्यांचाही श्वास थांबला. वय २८. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

मी हा प्रसंग इतका तपशिलाने सांगितला तो त्या दोन गनांमधल्या अंतरासाठी. पहिल्या बंकरवर धावणे हे आवेशात होऊ शकते. पण जखमी झाल्यावर, रक्त जात असताना, अंगात बळ नसताना दुसऱ्या गनकडे सरपटत जाणे यात आवेश नसतो. तिथे माणूस विचार करतो, आणि विचार करून पुढे जातो. जे शौर्य आपण आठवायचे ते या सरपटण्यात आहे. पेंच-कोलितमाऱ्याच्या जंगलातल्या गोंड मुलांना शाळेत सांगावी अशी ही गोष्ट आहे, कारण हा माणूसही त्यांच्यासारख्याच जंगलपट्टीतल्या लहान गावातून निघालेला आणि तिरंदाजीत हात बसलेला होता. आणि एक्कांचे पार्थिवही गावी आले नाही. त्यांना आगरतळ्याजवळच दफन केले गेले.

साध्या शिपायाचे नाव न कोरण्याची खोड जुनी आणि जगभरची आहे. पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली, चौऱ्याहत्तर हजारांच्या घरात परत आली नाहीत. त्यांतले किती तरी इराकच्या वाळूत राहिले. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावे दगडावर आली, साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्या कोरली गेली. अमुक पलटण, इतके मेले. स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २०१९ पासून स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक शहिदांची नावे ग्रॅनाइटवर एकेक करून कोरलेली आहेत, साधा शिपाई आणि अधिकारी एकाच अक्षरात. हे काम फार मोलाचे झाले. पण त्यात नाव येते ते मेलेल्याचे. जो लढून परत आला, ज्याने मग तीस वर्षे बँकेच्या दारावर पहारा केला, ज्याच्या पायात छर्रा राहिला आणि थंडीत दुखत राहिला, त्याचे नाव कुठे येणार?

ते येण्याची जागा गावातच असू शकते. महाराष्ट्रात गावाबाहेर वीरगळ, म्हणजे लढून पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा त्याला नेत आहेत, वर तो शिवलिंगापुढे बसला आहे, माथ्यावर चंद्रसूर्य. शेकडो वर्षांपूर्वी गुरे राखताना पडलेल्या माणसासाठी गावाने दगड घडवला. बहुतेक वीरगळांवर नाव नाही, पण गावाला तो आपला माणूस वाटला एवढे तरी दगड सांगतो. आपल्याकडे आता लिहिता येते, छापता येते. आपण नावासकट करू शकतो.

हे पुस्तक करताना आम्ही एक पथ्य पाळले. विशेषणे गाळली. पंधरा ऑगस्टच्या भाषणांत शब्द इतके मोठे होतात की त्यांच्यामागे माणूस दिसेनासा होतो. या पुस्तकातल्या माणसांनी आपल्या तोंडाने जे सांगितले ते बहुधा थंडीचे होते, भिजलेल्या मोज्यांचे होते, मेलेल्या मित्राच्या घड्याळाचे होते. भीती वाटली असे सांगणाऱ्याला आम्ही थांबवले नाही. उलट ते सांगणे मला सर्वांत खरे वाटले. ज्यांना बोलायचे नव्हते त्यांना बोलते केले नाही. बायकांना मात्र आवर्जून विचारले, कारण तार कुणी वाचून दाखवली, पेन्शनसाठी किती खेपा झाल्या, पेरणी कुणी केली, हे फक्त त्यांना ठाऊक होते. युद्धाची ती बाजू कुठल्याच रेजिमेंटच्या इतिहासात नसते.

लहानपणी ७ डिसेंबरला शाळेत सशस्त्र सेना ध्वज दिनाचे छोटे कागदी झेंडे यायचे. आम्ही घरून पैसे आणायचो, झेंडा टाचणीने खिशाला लावायचो, आणि संध्याकाळपर्यंत तो कुठेतरी पडून जायचा. आमच्याच आळीत राहणारे एक काका फौजेत होते. त्यांना त्या दिवशी शाळेत बोलवावे असे आम्हां कुणालाच सुचले नाही. ते गेले. त्यांची पेटी मला मिळाली नाही. हे पुस्तक मी त्यांच्या आठवणीत लिहिले आहे.

वाचकांना एकच सांगणे. या पुस्तकाची शेवटची सोळा पाने कोरी ठेवली आहेत. तुमच्या घरी माळ्यावर पेटी असेल तर ती खाली काढा. झाकणावरचा नंबर आधी उतरवून घ्या, रंग उडण्याआधी. मग हुद्दा, नाव, पलटण, गाव. पदके असतील तर कड वाचा. पत्रे असतील तर पत्त्याचा आकडा आणि तारीख टिपा. घरात कुणी आजी असेल तर तिच्याजवळ बसून विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. आणि पेटी भंगारात देऊ नका.